मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळाचा हिशेब टप्प्याटप्प्याने

अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांचं तिकीट हातात आलं की घरात पहिला प्रश्न असतो, ‘किती तासांचा प्रवास आहे?’ त्याला चार जण चार उत्तरं देतात. तिकिटावर रात्री २ला सुटून सकाळी ७.३०ला पोहोचतं असं छापलेलं असतं, म्हणून एक जण साडेपाच तास सांगतो. नेटवर दोन शहरांची नावं टाकली की पंधरा तास येतात. विमान कंपनी सोळा म्हणते. न्यू जर्सीतली मुलगी फोनवर सांगते, ‘सत्तावीस तास धरून चला.’

यातलं पहिलं उत्तर साफ चूक आहे. बाकीची तीन वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. अंतर, विमानातला वेळ, दोन गावांच्या घड्याळांतला फरक आणि घरापासून घरापर्यंत लागणारा वेळ हे चार आकडे स्वतंत्र आहेत. ते एकमेकांत मिसळले की गाडी चुकीच्या रात्री बुक होते, मधल्या थांब्याला वेळ अपुरा पडतो आणि इन्सुलिनचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. उदाहरण सगळीकडे मुंबई–न्यूयॉर्कचंच घेतलं आहे. तुमची शहरं दुसरी असतील तर आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

## आधी काय जवळ ठेवायचं

एक कोरा कागद, तिकिटाची छापील प्रत आणि साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर. फोन आडवा धरला की बहुतेक फोनमधला कॅल्क्युलेटर ही बटणं दाखवतो. कागदावर चार रकाने आखा: ठिकाण, तिथली वेळ, तीच वेळ यूटीसीत, तारीख. यूटीसी म्हणजे जगभरातली घड्याळं जिच्यावरून मोजतात ती सामायिक प्रमाणवेळ. तारखेचा रकाना वेगळा हवाच. सर्वाधिक घोळ तिथेच होतात.

तिकीट अजून काढलं नसेल तर उत्तमच. हा हिशेब तिकिटाच्या आधी केला तर तो निवडीला उपयोगी पडतो. नंतर केला तर फक्त काळजी वाढते.

## टप्पा १: शहर नव्हे, विमानतळ नक्की करा

‘न्यूयॉर्क’ म्हणून शोधलं की तीन विमानतळ समोर येतात: जेएफके, नेवार्क आणि लाग्वार्डिया. नेवार्क न्यू जर्सीत आहे. एडिसनला राहणाऱ्या मुलाकडे जायचं असेल तर नेवार्कहून तासाभरात घर येतं. जेएफकेला उतरलात तर संपूर्ण न्यूयॉर्कची वाहतूक आणि पुलांचे टोल ओलांडून यावं लागतं. तिकीट थोडं स्वस्त म्हणून जेएफके घ्यायचं आणि घ्यायला येणाऱ्याचा अर्धा दिवस घालवायचा, हा व्यवहार मला कधीच पटत नाही. लाग्वार्डियाला भारतातून थेट विमान येत नाही. मधे कुठेतरी विमान बदललं तरच तिथे उतरण्याचा प्रश्न येतो.

आता आपल्या बाजूलाही तीच खबरदारी घ्यावी लागते. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. त्यामुळे ‘मुंबई’ म्हणजे सहारच असेल असं गृहीत धरू नका. तिकिटावर बीओएम (सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई), ते वाचा. गोव्याच्या वाचकांसाठी दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. ही दोन ठिकाणं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

सावधान: एकाच नावाची शहरं अनेक असतात. लंडन कॅनडाच्या ओंटारियोत आहे, मेलबर्न फ्लोरिडात आहे, बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामातही आहे, पोर्टलंड ऑरेगॉनमध्ये आणि मेनमध्येही. अंतर विचित्र आलं तर आधी देश आणि राज्य तपासा.

पडताळा: कागदावर दोन तीन-अक्षरी कोड लिहिले गेले का? आपल्या उदाहरणात बीओएम आणि जेएफके. शहराचं नाव लिहून पुढे जाऊ नका.

## टप्पा २: अंतर काढा, पण सपाट नकाशावरून नाही

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडली तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून अटलांटिकमध्ये शिरते. विमान असं जात नाही. पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्तावरून जातो. म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळावरून. भूगोलाच्या तासाला विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे असं शिकलेलं आठवत असेल. तसंच वर्तुळ कोणत्याही दोन ठिकाणांमधून काढता येतं.

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर बोट ठेवून दोरा ताणा. तो थेट पश्चिमेला न जाता वायव्येहूनही उत्तरेकडे झुकतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया, मग नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि तिथून खाली न्यूयॉर्क. उत्तरेला तो जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत चढतो. या मार्गाने अंतर भरतं सुमारे १२,५३० किलोमीटर. मर्केटर, म्हणजे भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशावरच्या सरळ रेघेने गेलात तर तेच १४,२०० किलोमीटरच्या आसपास जातं. नुसत्या पट्टीमुळे सतराशे किलोमीटरची चूक होते.

आकडा स्वतः काढायचा असेल तर रीत अशी:

१. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

२. रेखांशांतला फरक काढा. एक पूर्व आणि एक पश्चिम असेल तर बेरीज करायची: ७२.८७ + ७३.७८ = १४६.६५. बेरीज १८०च्या वर गेली तर ती ३६०मधून वजा करा. सॅन फ्रान्सिस्कोसाठी ती १९५.२५ येते, म्हणून १६४.७५ धरायची.

३. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०.

४. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार आणि त्याला रेखांशफरकाच्या कोसाइनने गुणा: ०.९४५० × ०.७५८८ × (वजा ०.८३५३) = वजा ०.५९९०.

५. दोन्हींची बेरीज: वजा ०.३८६०. याचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ११२.७ अंश.

६. एका अंशाला १११.२ किलोमीटर. ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३०.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक राहतो. प्रवासाच्या हिशेबाला त्याने काही बिघडत नाही.

नेहमीच्या चुका: पूर्व-पश्चिम रेखांशांची वजाबाकी केली तर फरक एका अंशाहूनही कमी येतो आणि अंतर २,४०० किलोमीटर निघतं. असा आकडा दिसला तर चूक दुसऱ्या पायरीत आहे. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या एककावर असेल तर उत्तर भलतंच येतं, म्हणून सुरुवातीला साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तरच पुढे जा. तिसरी चूक एककांची. १२,५३० किलोमीटर म्हणजे ७,७९० मैल आणि तेच साधारण ६,७७० नॉटिकल मैल. विमानाच्या संकेतस्थळांवर तिन्ही एककं सर्रास वापरतात. आकड्यापुढे एकक लिहिलं नसेल तर तो आकडा वापरू नका.

## टप्पा ३: अंतरावरून मार्ग पारखा

इतकं गणित कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. मधल्या थांब्याचं तिकीट किती वळसा घालतंय ते यावरून लगेच कळतं.

मुंबई–दुबई सुमारे १,९२५ किलोमीटर आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०००. एकूण १२,९२५. थेट मार्गापेक्षा जेमतेम ४०० किलोमीटर जास्त. लंडनमार्गे ७,२१० आणि ५,५४०, म्हणजे १२,७५०. हा वळसा आणखी कमी. याउलट सिंगापूरमार्गे गेलात तर १९,००० किलोमीटरच्या वर अंतर होतं, म्हणजे थेट मार्गाच्या दीडपट. एखादं तिकीट फार स्वस्त दिसलं की आधी ही बेरीज करावी. उलट दिशेने नेणारं असेल तर लगेच उघड होतं.

म्हणजे आखाती देश किंवा युरोपमार्गे जाताना जादा लागणारा वेळ अंतरामुळे लागत नाही. तो थांब्यात, दुसऱ्यांदा चढण्या-उतरण्यात आणि विमानतळावरच्या चालण्यात जातो. म्हणून आखाताचं तिकीट आणि युरोपचं तिकीट यांत निवड करताना किलोमीटर बाजूला ठेवून थांब्याचे तास बघा.

## टप्पा ४: विमानातला वेळ काढा आणि दोन दिशा वेगळ्या ठेवा

लांबच्या पल्ल्याची विमानं वारा नसताना साधारण ताशी ९०० किलोमीटरने जातात. चढणं, उतरणं आणि धावपट्टीपर्यंत रांगत जाणं यात वेळ जातो. ढोबळ अंदाजासाठी अंतराला ८८०ने भागा आणि अर्धा तास मिळवा. १२,५३० भागिले ८८० म्हणजे सव्वाचौदा तास, अधिक अर्धा, म्हणजे पावणेपंधरा. नेटवर दिसणारा पंधराचा आकडा असाच आलेला असतो.

प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि परत येताना चौदा ते पंधरा. याचं कारण जेट स्ट्रीम. मध्य अक्षांशांत, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोराचा वारा अमेरिकेला जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीमागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, म्हणून जानेवारीच्या वेळा जुलैच्या तिकिटाला लावू नका. जाण्या-येण्याला एकच वेळ दाखवणारं पान वाऱ्याचा विचार न करता नुसता भागाकार करतं. त्यावर मुलाला विमानतळावर बोलावू नका.

दुसरं कारण बंद हवाई हद्दी. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा भारत आणि उत्तर अमेरिकेमधल्या काही उड्डाणांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. २०२२पासून रशियाच्या आकाशातून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्या जात नाहीत. टप्पा २मधला दोरा नेमका या दोन्ही देशांवरून जातो. म्हणून एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळांत तासा-दीड तासाचा फरक दिसला तर तो छापखान्याचा दोष समजू नका.

म्हणून सूत्राचा आकडा फक्त तपासणीसाठी ठेवा. कागदावर लिहायचा तो कंपनीच्या वेळापत्रकातला. तो गेट सोडण्यापासून गेटला लागण्यापर्यंतचा असतो, म्हणजे जमिनीवरचं रांगणं त्यातच येतं. त्यात पुन्हा अर्धा तास मिळवू नका.

सावधान: ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ यांत फरक आहे. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक एकच, पण ते वाटेत उतरू शकतं. न उतरता जाणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ किंवा ‘० थांबे’ हेच शब्द शोधा.

पडताळा: वेळापत्रकातला वेळ आणि सूत्रातला वेळ यांत दोन तासांहून जास्त फरक आला तर वाटेत थांबा आहे किंवा मार्ग वळवलेला आहे. तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारून घ्या.

## टप्पा ५: घड्याळाचा फरक, यूटीसीमार्गेच

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ या.

भारताची वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २०२६मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. म्हणजे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊचा.

दुबईचं घड्याळ वर्षभर यूटीसीच्या चार तास पुढे असतं. ब्रिटन मात्र घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, २०२६मध्ये २९ तारखेला, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत आणतं. म्हणून मार्चमधले तीन आठवडे आणि ऑक्टोबर–नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातलं नेहमीचं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं. या दिवसांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी तोंडी हिशेब करूच नये.

नियम एकच: निघण्याची वेळ यूटीसीत न्या, त्यात विमानातला वेळ मिळवा, मग उतरण्याच्या गावाच्या वेळेत आणा. थेट साडेदहा वजा, सोळा अधिक असं केलं की कुठेतरी तारीख हातातून निसटते.

जाताना, जानेवारीत. समजा विमान १३ तारखेला रात्री २ वाजता सुटतं.
मुंबई ०२.००, १३ तारीख → साडेपाच वजा → यूटीसी २०.३०, १२ तारीख.
अधिक १६ तास → यूटीसी १२.३०, १३ तारीख.
वजा पाच → न्यूयॉर्क सकाळी ०७.३०, १३ तारीख.

तिकिटावर दिसणारे साडेपाच तास हेच. माणूस मात्र सोळा तास बसलेला असतो. जुलैत हेच विमान याच वेळेला सुटलं तर ०८.३०ला पोहोचेल, कारण तेव्हा पाचऐवजी चारच वजा होतात.

येताना, जानेवारीत. न्यूयॉर्क दुपारी १२.००, १३ तारीख → अधिक पाच → यूटीसी १७.००.
अधिक साडेचौदा तास → यूटीसी ०७.३०, १४ तारीख.
अधिक साडेपाच → मुंबई दुपारी १३.००, १४ तारीख.

तिकिटावर वेळेजवळ छोटा ‘+१’ असतो तो हाच. तो नजरेतून सुटला की घ्यायला जाणारा माणूस एक दिवस आधी सहारला उभा राहतो.

पडताळा: पोहोचण्याच्या यूटीसी वेळेतून निघण्याची यूटीसी वेळ वजा करा. विमानातला वेळ जसाच्या तसा परत आला पाहिजे. नाही आला तर तारखेच्या रकान्यात चूक आहे.

## टप्पा ६: मध्यरात्रीनंतरचं विमान, तारीख मोठ्याने वाचा

मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं रात्री बारा ते पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर ‘१३ जानेवारी, ००.५५’ असेल तर विमानतळावर जायचं ते १२ तारखेच्या संध्याकाळी. १३ तारखेला दिवसभर सामान भरून रात्री नऊला निघालात तर विमान वीस तासांपूर्वीच गेलेलं असतं. आपल्या बोलण्यात झोपेपर्यंत तीच तारीख चालू असते, म्हणून शिकलेल्या, नीटनेटक्या माणसांकडूनही ही चूक होते. दुसरं कुणी तिकीट काढून नुसती तारीख कळवली असेल तर धोका आणखी वाढतो.

उपाय सोपा आहे. कागदावर सुटण्याची वेळ लिहू नका, घर सोडण्याची वेळ वारासकट लिहा: ‘सोमवार, १२ जानेवारी, संध्याकाळी ५ वाजता घरून निघायचं.’ हेच वाक्य गाडीवाल्याला, शेजाऱ्यांना आणि तिकडच्या मुलांना पाठवा.

फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करत असाल तर सुटण्याच्या वेळेला मुंबईची प्रमाणवेळ आणि उतरण्याच्या वेळेला न्यूयॉर्कची असं वेगवेगळं निवडा. दोन्ही भारतीय वेळ म्हणून टाकलं तर उतरल्यावर फोन सगळंच साडेदहा तास सरकवतो.

## टप्पा ७: मधल्या थांब्याची बेरीज

थांब्याचं तिकीट असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा यूटीसीत न्या. दुबईमार्गे एक नमुना घेऊ, वेळा उदाहरणासाठी घेतलेल्या आहेत:

मुंबई पहाटे ०४.०० (यूटीसी आदल्या दिवशीचे २२.३०) → ३ तास २० मिनिटं → दुबई ०५.५०.
दुबईहून पुढचं विमान ०८.३०. थांबा २ तास ४० मिनिटं.
०८.३० (यूटीसी ०४.३०) → १४ तास १५ मिनिटं → यूटीसी १८.४५ → हिवाळ्यात न्यूयॉर्क दुपारी १३.४५.

तुकड्यांची बेरीज २० तास १५ मिनिटं. आता पहिली आणि शेवटची यूटीसी वेळ घ्या: २२.३० ते दुसऱ्या दिवशी १८.४५. तेही २० तास १५ मिनिटंच. दोन्ही रीतींनी एकच उत्तर आलं की हिशेब बरोबर.

थांबा किती असावा याचे नियम प्रत्येक विमानतळाचे वेगळे असतात आणि संकेतस्थळं त्या किमान मुदतीवरही तिकीट विकतात. सत्तरीतल्या माणसांना ती पुरत नाही. व्हीलचेअर मागितली असेल तर विमानातून शेवटी उतरणं, खुर्चीची वाट बघणं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी, एवढं त्यात बसायला हवं. वडीलधाऱ्यांसाठी तीन तास हा माझा आग्रहाचा आकडा आहे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी तरी.

यापुढच्या तीन गोष्टी वेळेवर थेट परिणाम करतात.

एक पीएनआर (आरक्षणाचा क्रमांक) की दोन? दोन वेगळी तिकिटं जोडून विकलेल्या प्रवासाला बरीच संकेतस्थळं ‘सेल्फ ट्रान्सफर’ म्हणतात. त्यात मधल्या देशात बाहेर पडून सामान घ्यावं लागतं, पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. आई-बाबा एकटे जाणार असतील तर असं तिकीट घेऊच नका, कितीही पैसे वाचत असले तरी. एकच पीएनआर असला तरी मधल्या देशाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. पासपोर्टवर आधीचा कोणता व्हिसा आहे यावरही तो नियम बदलतो.

अमेरिकेत पहिलं पाऊल कुठे? नेवार्कला उतरून पुढे शिकागोला जायचं असेल तर इमिग्रेशन, सामान घेणं, कस्टम्स आणि सामान पुन्हा जमा करणं, सगळं नेवार्कलाच होतं. सामानाच्या टॅगवर शिकागो लिहिलेलं असलं तरी. इथे तीन तासांहून कमी थांबा ठेवू नका. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच होतं. मग न्यूयॉर्कला उतरल्यावर वेळ वाचतो, पण तोच वेळ अबू धाबीच्या थांब्यात मोजावा लागतो.

परतताना दिल्लीहून पुणे किंवा नागपूर. भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच सहसा इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं आणि सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं. दिल्लीच्या थांब्यात हे धरा.

## टप्पा ८: घरापासून घरापर्यंत

आता बाकीचे तास मिळवा. कोथरूडहून निघणाऱ्या माणसाचा हिशेब साधारण असा: सहारपर्यंत गाडीने चार तास, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी किंवा घाटात पाऊस असेल तर जास्त. विमानतळावर साडेतीन तास. विमान सोळा. न्यूयॉर्क भागात उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान दोन तास. नेवार्कहून एडिसनचं घर, गाडी काढण्यापासून, एक ते दीड तास. बेरीज सत्तावीस तासांच्या आसपास. मुलीने फोनवर सांगितलेला आकडा हाच.

गाडीची वेळ मागून पुढे काढा. ०२.००ची उड्डाणवेळ, त्यातून साडेतीन तास वजा म्हणजे २२.३०ला सहारला पोहोचायचं. त्यातून चार तास, म्हणजे संध्याकाळी ६.३०. त्यात तासभर राखीव ठेवून ५.३०. राखीव तास आधीच्या आकड्यांत लपवू नका, वेगळा लिहा. नाहीतर घरातला प्रत्येक जण आपापला तास मिळवतो आणि आजी-आजोबा दुपारी एकपासून विमानतळाच्या खुर्चीवर बसून राहतात.

## टप्पा ९: औषधांचे तास

गोळ्या दोन डोसांमधल्या खऱ्या तासांवर चालतात, भिंतीवरच्या घड्याळावर नाही. मुंबईत रात्री नऊला गोळी घेतली आणि पुढची न्यूयॉर्कच्या रात्री नऊला घेतली तर हिवाळ्यात मधे चोवीसऐवजी साडेचौतीस तास जातात. परतताना उलट होतं, मधे साडेतेराच तास राहतात. रक्तदाब, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं आणि विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा कागद डॉक्टरांना दाखवून प्रत्येक डोसाची वेळ ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने डोस गाळू किंवा दुप्पट करू नये.

डॉक्टरांकडे जाताना ‘सोळा तासांचा प्रवास आहे’ एवढंच सांगू नका. घरातून निघण्याची वेळ, विमानात बसण्याची वेळ, उतरण्याची वेळ, सगळं भारतीय वेळेत लिहून न्या. प्रवासात एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या आणि वाटेतले डोस त्यावर घ्या. फोन उतरताक्षणी स्वतःची वेळ बदलतो, त्याच्या गजरावर विसंबू नका. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

## टप्पा १०: आदल्या दिवशी पुन्हा एकदा

कंपन्या वेळा बदलतात आणि तिकीट सहा महिन्यांपूर्वी काढलेलं असतं. निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर सुटण्याची वेळ, टर्मिनल आणि थांब्याची वेळ पुन्हा बघा. मार्च, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचा प्रवास असेल तर टप्पा ५ नव्याने करा. हवाई हद्दी बंद झाल्याच्या बातम्या असतील तर उड्डाणाच्या सहा तास आधीही एकदा बघा. २३ जून २०२५ला कतारने आपली हद्द अचानक बंद केली, तेव्हा दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून वळवावी लागली होती.

मग तिकडे घ्यायला येणाऱ्याला एकच संदेश पाठवा. त्यात विमानाचा क्रमांक, विमानतळाचा कोड, टर्मिनल आणि उतरण्याची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे, वार आणि तारखेसकट. बाहेर येण्याची वेळ वेगळी लिहा, उतरल्यानंतर दीड ते दोन तासांची. थांबा असेल तर मधल्या विमानाचा क्रमांकही द्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा निघालं तर त्यांना तिथूनच कळेल. या संदेशाची छापील प्रत आई-बाबांच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला कुठे जायचं ते दाखवता येतं.